तात्यांची पहिली टाळी

"माझा सा कुठाय?" आक्का ओरडत होत्या. "ए मशीनवाल्या, माझा सा कुठे गेला? मी तर पुरा लावला होता. तुझ्या डब्यानं गिळला का?"

त्यांच्या कानांवर माझे हेडफोन होते, त्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. दुर्गाघाटावरची कबुतरं उडून शिंदे घाटावर जाऊन बसली. तिथली उडाली ती कुठे गेली ते मी पाहिलं नाही, पण त्या दिवशी गंगेपलीकडच्या रेतीवर माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती असं नावाडी सांगत होते.

मी लॅपटॉपवर तो तुकडा परत लावला. आक्कांची भैरवी. शेवटची ओळ वळसे घेत खाली येते, षड्जाच्या दारापर्यंत पोचते, आणि बस. दार उघडायच्या आत सगळं बंद.

"आक्का, सा लागलाय तुमचा," मी म्हणालो. "पण त्याच्या डोक्यावर कुणीतरी टाळी वाजवलीय. टाळी ऐकू आली की मशीनला वाटतं गाणं संपलं. तिथेच ते कापतं."

"कुणी वाजवली?"

"ते मशीनला नाही कळत."

"मग मी सांगते काय करायचं." आक्कांनी हेडफोन काढून माझ्या मांडीवर टाकले. "जो कोण मेला असेल त्याचे दोन्ही हात आधी मणिकर्णिकेवर नेऊन जाळा. बाकीचा मागाहून आला तरी चालेल."

कोपऱ्यात त्यांचे धाकटे भाऊ तात्या चहा पीत बसले होते. कपात अजून दोन घोट होते, तरी त्यांनी तो खाली ठेवून धोतराला हात पुसले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "जाळायलाच पाहिजेत. झालं, चला." आणि ते उठून गेले. त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

मी मूळचा सोलापूरचा. काशीतल्या एका संगीतसंस्थेनं वर्षानुवर्षांच्या मैफिलींची रेकॉर्डिंगं कपाटात कोंबून ठेवली होती. ती साफ करून, त्यांचे तुकडे पाडून, एकेका कलाकाराची एकेक चीज लोकांपुढे ठेवायची असं त्यांच्या मनात आलं आणि ते काम माझ्याकडे आलं. खोली मिळाली ती दुर्गाघाटावर, या बहीणभावांच्या घरात, सगळ्यात वरच्या मजल्यावर. घर इतकं अरुंद की जिन्यात समोरून कुणी आलं तर एकाला परत जन्म घ्यावा लागे. आक्कांनी आयुष्यभर गाणं केलं होतं, लग्न केलं नव्हतं. तात्यांचं लग्न झालं होतं, पण बायको लवकर गेली. आता तात्यांचा स्वभाव कळल्यावर मला वाटतं, ती बाई तरी काय करणार होती. नवऱ्याला सगळ्याच गोष्टी लवकर हव्या असत.

माझं काम तसं सोपं होतं. मैफिलीचं रेकॉर्डिंग चार-चार तासांचं. त्यात गाणं कुठे संपतं ते शोधायला माणूस बसवला तर तो म्हातारा होईल. म्हणून मशीननं टाळ्या शोधायच्या. गाण्याचा आवाज मशीनला दिसतो तो पायऱ्यांसारखा, एकावर एक रेघा, ठरलेल्या जागी. टाळ्यांना पायरीच नसते. खालपासून वरपर्यंत सगळीकडे भुगा, रवा सांडल्यासारखा. शिवाय आवाजाची लाट मधल्या रेषेला किती वेळा ओलांडते ते मोजायचं. सुरात ती शहाण्यासारखी ओलांडते, टाळ्यांमध्ये तिला पिसं लागतं. एवढ्या दोन-तीन खुणांवर मशीन सांगतं, ही टाळी, हे गाणं.

ते मशीन ज्या कुणी शिकवलं होतं त्यांनी कुठल्या तरी थंडगार सभागृहातल्या टाळ्या त्याला ऐकवल्या होत्या. काशीत आल्यावर ते बावचळलं. बनारसी श्रोता खूश झाला की हात वर करून 'हर हर महादेव' म्हणतो, टाळ्या वाजवणं त्याला फारसं सुचत नाही. महादेवाला मशीन ओळखेना. उलट मंडपामागे कचोऱ्या तळल्या जायच्या, त्याला ते टाळ्या म्हणायचं. एका धृपदियाच्या आलापात त्यानं इतक्या ठिकाणी टाळ्या दाखवल्या की संस्थेचे संचालक हरखून गेले. मी जाऊन ऐकलं. पत्र्यावर माकडं नाचत होती.

हे सगळं मी शिकवून शिकवून दुरुस्त केलं. कचोरी गेली, माकडं गेली, पाऊस गेला. राहिली एक टाळी.

ती टाळी मी हेडफोनमधून इतक्या वेळा ऐकली आहे की अजून जेवताना आठवली तर मी ताट सरकवतो. ती नेहमी एकटी यायची. शेवटचा सूर अजून हवेत असायचा, गवय्याचा श्वास अजून पोटात असायचा, आणि त्यावर 'फच्' असा आवाज. चिखलातून म्हशीनं पाय उपसावा तसा. ओल्या, पोकळ तळहातांचा आवाज, आणि त्याच्या पोटात एक बारीक 'टिक'. मग दुसरी फच्, तिसरी, आणि मग मेंढरांसारख्या बाकीच्यांच्या टाळ्या आणि महादेव. सितारवाल्याच्या शेवटच्या झंकारावर फच्. बासरीवाल्याच्या फुंकरीवर फच्. एका सारंगियानं गज तारेवरून उचललासुद्धा नव्हता. वर्षं बदलत होती, मंडप बदलत होते, गाणारे म्हातारे होऊन मरत होते, आणि फच् तशीच होती. संस्थेच्या अख्ख्या कपाटात एकही गाणं असं नव्हतं जे आपल्या मरणानं मेलं असेल.

आता तात्यांबद्दल सांगतो.

तात्या महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धकर्मं करायचे. त्यांना मागणी फार, कारण लोकांना गाडी पकडायची असे आणि तात्या पिंडदान असं करत की पितर खाली उतरेपर्यंत यजमान स्टेशनवर पोचलेला असे. कावळा आला तर त्याला नुसती धुतलेली पायरी दिसे. ब्रह्माघाटाचे दोन कावळे त्यांच्यामुळे वारले असं लोक म्हणत. मी एकच पाहिला. मंत्राचा पहिला शब्द आणि शेवटचा शब्द तात्या स्पष्ट म्हणत. मधलं सगळं नाकातून निघून जाई.

नावेतून येताना नाव घाटाला लागायच्या आधी ते उठत. दर खेपेला पाण्यात पडत, आणि वर येऊन म्हणत, "स्नान झालं, चला." पंगतीत भातावर वरण पडायच्या आत त्यांचा ताक मागायचा आवाज येई, आणि आपण पोळीचा पहिला घास तोंडाशी नेतोय तोवर हा माणूस समोर उभा राहून दात कोरत असे. कोरलेलं काय निघालं ते बघत, मग परत तोंडात टाकत. सकाळी मोरीत गुळण्या अशा करत की खालच्या गल्लीतली गाय वर बघे. हात कायम घामेजलेले. मी भाड्यानं राहायला आलो त्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि मी दोनदा अंघोळ केली.

एका लग्नात मंगलाष्टकं त्यांच्याकडे होती. अजून दोन कडवी बाकी असताना त्यांनीच अक्षता टाकल्या, बँडवाल्याला खूण केली, अंतरपाट ओढला, आणि बावरलेल्या नवरीनं माळ घातली ती अंतरपाट धरणाऱ्या मामाच्या गळ्यात. मुलीचा बाप चिडला तेव्हा तात्या म्हणाले, "लग्न लागलं. उरलेलं ज्याला म्हणायचं त्यानं घरी जाऊन म्हणावं."

तुम्ही बोलत असलात तर तुमचं वाक्य ते पुरं करत. चुकीचं पुरं करत, पण करत. मी एकदा म्हणालो, "तात्या, मला जरा ताप..." तर म्हणाले, "तापी लाइनवर गाड्या उशिरा असतात, झालं, चला." मी तसाच तापानं फणफणत वर गेलो.

गाण्याला मात्र ते नियमानं जात. काशीतली एकही मैफल त्यांनी चुकवली नाही. आक्कांचा तंबोरा पाठीवर घेऊन त्यांच्याबरोबर जात, पहिल्या रांगेत बसत, आणि संपलं की सगळ्यांच्या आधी उठत. मला वाटे, या माणसात एवढी एकच चांगली गोष्ट आहे.

मग गणपती आले. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांमधली मराठी घरं संध्याकाळी एका घरी जमतात, आरत्या होतात. मीही गेलो. गर्दीत मागे उभा राहून टाळ्या वाजवत होतो. सगळ्यांचा ठेका एक होता, आणि त्याच्या अर्धं पाऊल पुढे, उंबऱ्याजवळून, एक वेगळा आवाज येत होता.

फच्, टिक. फच्, टिक.

माझ्या हातातल्या टाळ्या थांबल्या. मान वाकडी करून पाहिलं. तात्या. तोंड उघडं, मुखात आरतीचं पुढचं कडवं, जे बाकीच्यांना अजून यायचं होतं. तळहात वाटीसारखे पोकळ. उजव्या हातात कर्माच्या वेळी घालायची चांदीची अंगठी, जी त्यांनी आयुष्यात कधी काढली नाही. ती डाव्या तळहातावर आपटली की टिक. आरती संपायच्या आत त्यांनी प्रसाद घेतला होता. चाटलेल्या बोटांनीच ते पुढे टाळ्या वाजवत राहिले, आणि प्रसादाचे शिंतोडे पुढच्या बाईच्या अंबाड्यावर उडाले. मी प्रसाद न घेता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घाटाच्या पायऱ्यांवर गाठलं. ते यजमानांची वाट बघत बसले होते, म्हणजे दर मिनिटाला उठून परत बसत होते.

"तात्या," मी म्हणालो, "ती पहिली टाळी तुमची आहे."

"कुठली?"

"रेकॉर्डिंगमधली."

"कुठल्या रेकॉर्डिंगमधली?"

"सगळ्या."

मला वाटलं होतं, माणूस ओशाळेल. तात्यांचा चेहरा दसऱ्याच्या झेंडूसारखा फुलला.

"सगळ्यांत येते ऐकू?"

"सगळ्यांत."

"तो बासरीवाला, गोरा, त्याच्या पण?"

"त्याच्या पण."

"साफ येते?"

"फार साफ येते."

"बघ," तात्या गंगेकडे बघत म्हणाले. "आणि आमचे भाऊबंद म्हणतात वामननं जिंदगीत काय केलं."

मी त्यांना समजावलं. शेवटचा सूर त्या टाळीखाली चिरडला जातो, मशीन तिथे कापतं, हातानं कापलं तरी टाळी सुराला चिकटलेली राहते. दुधावरची साय काढावी तशी ती वरच्यावर काढता येत नाही. काढायला गेलो तर आक्कांचा आवाज डब्यात अडकलेल्या डासासारखा होतो. सगळं करून पाहिलंय.

"मी नाही वाजवली तर लोक सकाळपर्यंत म्हशींसारखे बसून राहतील," तात्या म्हणाले. "यांना कळतं का कधी संपलं ते? नुसतं महादेव महादेव. ती शिवरात्र झाली. टाळी म्हणजे मॅनर्स आहेत. कुणाला तरी पहिली वाजवायला लागते. काशीत ती मी वाजवतो."

"पण तुम्हाला तरी कसं कळतं, संपलं म्हणून? अजून सूर चालू असतो."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. कालचं पान अजून तोंडात होतं. "लल्लनचा हात," ते कुजबुजले.

लल्लनजी म्हणजे घाटावरचे हार्मोनियमवाले. अर्ध्या काशीची साथ त्यांच्याकडे.

"लल्लनला पानाची तलफ येते. गाणं संपत आलं की त्याचा उजवा हात पेटीवरून सुटतो आणि मांडीजवळच्या पानाच्या डब्याकडे जातो. डब्याला हात लागला की मी वाजवतो. आजवर चुकलेला नाही. दुसरा कुणी साथीला असला तर त्याचं काही ना काही असतंच. तबलजी असला की रुमाल. बघत राहायचं."

"आणि गाणं?"

"गाण्याचं काय?"

"गाणं ऐकत नाही तुम्ही?"

"ऐकायचं काय त्यात?" तात्या म्हणाले. "ते तर चालूच असतं."

मी लल्लनजींना विचारलं. ते बिचारे पानाचा रस सांभाळत म्हणाले, "का बताएँ गुरु, हम तो पान खाते हैं. ई पंडितजी हमारे पान पर ताली बजाते हैं, ई तो हमको आजै मालूम पड़ा."

आक्कांना सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तो विचारच मागे पडला. आक्का डॉक्टरकडून आल्या आणि जिन्याच्या पायरीवरच बसल्या. घशात गाठ होती. ऑपरेशन लवकर करायला हवं होतं. बोलण्यापुरता आवाज कदाचित राहील, गाण्याचं विसरा, असं डॉक्टरनं सांगितलं होतं.

"डॉक्टर भला माणूस आहे," आक्का म्हणाल्या. "रडलासुद्धा जरासा. मी म्हटलं, भैया, तू मला गाताना ऐकलंस कधी? नाही म्हणाला. मग रडतोस कशाला." मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्या कपाटात माझी किती गाणी आहेत?"

"बरीच आहेत आक्का."

"एकात तरी सा आहे?"

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

"मला एक पाहिजे," त्या म्हणाल्या. "एक भैरवी, सा-सकट. मग काय कापायचं ते कापू दे त्यांना."

"इथेच गा. खोलीत. दार लावतो."

"भिंतींना कोण ऐकवतं? समोर माणसं पाहिजेत. माणसं असली की गळा चालतो, नाहीतर खोकला येतो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त तो मेला टाळीवाला कुठेतरी दूर पाहिजे. कोण आहे, कळलं का तुला?"

नाव सांगायचं मी पुढे ढकललं. आधी एक उपाय करून बघू म्हटलं. त्याच आठवड्यात शिंदे घाटावर एका सरोदियाची बैठक होती, तात्या जाणारच होते. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि शेवटचा 'झाला', म्हणजे तारांवरची अखेरची धावपळ, सुरू झाल्यावर त्यांच्या दोन्ही हातांत रबडीचं एकेक मातीचं कुल्हड दिलं, काठोकाठ भरलेलं. हात गुंतले म्हणजे प्रश्न मिटला.

तबलजीचा हात रुमालाकडे गेला. तात्यांनी कुल्हडांसकट टाळी वाजवली.

त्या रबडीबद्दल मला फार बोलायचं नाही. ती माझ्या माईकमध्ये गेली, माझ्या कानात गेली, सरोदियाच्या जाजमावर सायीचे लपके पडले. तात्या कुल्हडाचे तुकडे हातात घेऊन अजून वाजवतच होते, आणि मग त्यांनी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेली रबडी चाटली, सावकाश. आयुष्यात सावकाश केलेली ती त्यांची एकच गोष्ट मी पाहिली. माझ्या माईकमध्ये पुढे आठ दिवस मुंग्या राहत होत्या आणि मशीन त्यांच्या चालण्यालासुद्धा टाळ्या म्हणत होतं.

त्या संध्याकाळी मी आक्कांना नाव सांगितलं.

त्या भाजी निवडत होत्या. निवडत राहिल्या. पालकाची जुडी संपली, तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तोच."

"तोच."

"लहानपणी आई गोष्ट सांगायची, तर हा आधी विचारायचा, राक्षस मेला का? मेला म्हटलं की उठून खेळायला जायचा. मी एकटी बसून ऐकायची." देठांचा ढीग त्यांनी सुपानं बाजूला सारला. "तंबोरा पाठीवर घेऊन येतो माझा. मला वाटायचं, ऐकायला येतो."

"त्यांना येऊ नका म्हणून सांगू?"

"येईलच तो. काशीत कुणी त्याला थांबवलंय?" आक्कांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "त्याला तंबोऱ्यावर बसव. माझ्या मागे. बाबांनी दोघांना एकदम शिकवला होता, हात विसरला नसेल. आणि लल्लनला म्हणावं, पानाचा डबा घरी."

तात्यांनी आढेवेढे घेतले. पहिल्या रांगेत कुणी नसेल, काशीचं काय होईल, वगैरे. आक्का म्हणाल्या, "वामन, मी मोठी आहे की तू?" संपलं. थोरल्या बहिणीपुढे त्यांचं कधी चाललं नाही.

बैठक सकाळी होती, घाटावरच्या दत्ताच्या देवळात. आसपासची मराठी घरं आली, संस्थेचे दोघे-तिघे आले, आणि वास लागल्यासारखे चार पक्के बनारसी रसिक आले. माझा माईक धुऊन, वाळवून समोर ठेवला होता. लल्लनजी डब्याविना उपाशी बैलासारखे दिसत होते. आक्कांच्या पाठीमागे, खांबाला टेकून, तात्या तंबोरा उभा धरून बसले होते. त्यांना तिथून पेटी दिसत नव्हती, तबला दिसत नव्हता. आक्कांचा अंबाडा दिसत होता.

आक्कांनी आधी तोडी गायली. आवाज ठिकठिकाणी फाटत होता आणि आक्का त्या फाटलेल्या जागेवरून न लपवता पुढे जात होत्या. मग भैरवी. मी हेडफोन लावून पडद्यावर रेघा बघत बसलो होतो. माझा धंदाच तो. शेवटची ओळ आली. तेच वळसे, तीच उतरंड. माझे हात मांडीवर घट्ट दाबलेले, जणू मीच वाजवणार होतो.

सा लागला.

तो पडद्यावर एका सरळ रेघेसारखा दिसला, आणि त्या रेघेच्या वर तिच्या बहिणींसारख्या बारीक बारीक रेघा. कुणी त्यावर पाय दिला नाही. आक्कांनी तो धरला, धरला, मग हळूहळू सोडला, आणि मला पहिल्यांदा दिसलं की सूर संपतो कसा. वरच्या रेघा आधी जातात. खालची सगळ्यात शेवटी.

मग कुणी काही केलं नाही. टाळी नाही, महादेव नाही. कारण तंबोरा चालूच होता. तात्यांचा हात तारांवरून फिरत होता, फिरत होता. त्यांना संपलं हे सांगणारं कुणी समोर नव्हतं. लोकांना वाटलं, आक्का अजून काही गाणार. लल्लनजी डबा शोधत होते आणि डबा नव्हता. मी खांबाकडे बघितलं. तात्यांचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असेल, असं मी आजही म्हणतो.

किती वेळ गेला सांगत नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. शेवटी आक्का वळल्या आणि त्यांनीच हात लांब करून तारा धरल्या.

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. आवाज गेला तो गेलाच. आता आक्का बोलतात, पण तो कागद चोळल्यासारखा आवाज आहे, आणि मशीनला दिला तर ते त्याला टाळ्या म्हणेल.

पुढे माझं काम संपलं. निघायच्या दिवशी आक्का खिडकीत होत्या, हात हलवत होत्या. तात्या मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. रिक्षा अजून आली नव्हती. त्यांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला, "झालं, चला" म्हणाले, आणि मला निरोप देऊन परत निघाले. मी तिथे अजून बराच वेळ सामान घेऊन उभा होतो. वळणावर ते एकदा दिसले; धोतराचा सोगा एका हातात, समोरून येणाऱ्या बैलाला घाई करायला सांगत होते. त्या माणसाची मला किळस होती. अजून आहे. जगातल्या कुठल्याही सभागृहात टाळ्या सुरू झाल्या की मला आधी तळहात दिसतात, आणि मी बाहेर जाऊन उभा राहतो.

संस्थेनं आक्कांची भैरवी काढली, सा पुरा ठेवून. त्याच्यापुढचं त्यांनी कापलं. माझ्याकडे सगळं आहे. सा विरतो, मग नुसता तंबोरा, बराच वेळ, मग तारांवर हात पडल्याचा आवाज. त्यानंतर, अजून जुन्या आवाजात, आक्का विचारतात, "कसं झालं रे, वामन?"

तात्या म्हणतात, "लांबलं जरा."